राउटरचे कान: घरच्या डब्याचा वायफाय सेन्सर झाला त्याची पार्श्वभूमी

आसपासच्या हवेतलं वायफाय ऐकून कोणती नेटवर्क आणि उपकरणं आहेत ते टिपायचं, हे काम आधी लॅपटॉप घेऊन गल्लीबोळांत फिरणारे करायचे. पण लॅपटॉप गच्चीखाली आठवडाभर कोण सोडून येणार? २००२च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा निळा-काळा, दोन अँटेनांचा राउटर आला. आत लिनक्स ही खुल्या परवान्याची ऑपरेटिंग सिस्टीम निघाली, परवान्यानुसार सोर्स कोड द्या म्हणून तगादा लागला आणि २००३ मध्ये तो खुला झाला. २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरवर आपले प्रोग्रॅम चालवू देणारं लिनक्स, सुरू झालं, आणि स्वस्तात, विजेला लावून विसरता येईल असा कान मिळाला.

आता या कानामागे डोकं कुठे ठेवायचं? किस्मेट या वायफाय टिपणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचं उत्तर दिलं ते ड्रोन. शब्दाने आज भलताच घोळ होतो, आकाशात काही उडत असेल असं वाटतं. इथला ड्रोन म्हणजे राउटरवर चालणारा छोटा प्रोग्रॅम. तो हवेतली फ्रेम, म्हणजे वायफायवरून जाणारा माहितीचा एकेक तुकडा, उचलतो आणि तशीच सर्व्हरकडे ढकलतो. फ्रेम उलगडणं, नेटवर्कची यादी, इशारे, सगळं पलीकडे. बरेच जण म्हणायचे, निम्मी गाळणी राउटरवरच करा, उगाच वायर कशाला भरता? शिवाय सर्व्हर बंद पडला की तेवढ्या वेळचं सगळं गेलंच. आक्षेप चुकीचे नव्हते. पण राउटरच्या ४ एमबी फ्लॅश (साठवण) आणि १६ एमबी मेमरीत विश्लेषण कोंबून बघा! माझ्या मते ड्रोन मठ्ठ ठेवला हेच शहाणपण होतं, कारण ओळखीचे नियम बदलले तर एकच सर्व्हर बदलायचा, दहा राउटर नाहीत. २०१९च्या नव्याने लिहिलेल्या किस्मेटमध्ये ड्रोन हे नाव गेलं, रिमोट कॅप्चर आलं. विभागणी तीच राहिली.

प्रत्यक्षात कटकटी बारीक होत्या. रेडिओ चालवणारा ड्रायव्हर बंद पेटीतला, म्हणजे त्याचा सोर्स कोड खुला नाही, त्यामुळे चॅनेल बदलायला चार ओळींची शेल स्क्रिप्ट (आज्ञांची छोटी फाइल) फिरवत ठेवायची. रेडिओ एकच, तो एक ते तेरा चॅनेल फिरत असेल तर घरच्यांना वायफाय कुठून देणार? आणि टिपलेलं वायफायनेच परत पाठवलं तर राउटर स्वतःचंच बोलणं टिपून पुन्हा पाठवत बसतो. म्हणून मागे लॅन केबल हवीच.

२००५ मध्ये डब्ल्यूआरटी५४जी याच नावाच्या पाचव्या आवृत्तीतून लिनक्स काढलं, मेमरी निम्मी केली. लिनक्सवाल्यांसाठी जीएल हे वेगळं मॉडेल आलं.

आपल्याकडे उघड्या वायफायची चर्चा पेटली ती २००८च्या जुलैत. अहमदाबादच्या स्फोटांआधीचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घरच्या जोडणीवरून गेला होता. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, त्या घरापर्यंत नेतो. त्या वेळी जोडणीवर आणखी कोण होतं, हे त्यातून कळत नाही. शेजारी ऐकणारा डबा असता तर निदान उपकरणाचा मॅक पत्ता (वायफाय उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि सिग्नलचा जोर तरी नोंदला गेला असता.

आता तोही भरवसा कमी झालाय. २०१४ पासून आयफोन नेटवर्क शोधताना बनावट मॅक पत्ते वापरू लागले, अँड्रॉइड १० मध्ये तर नेटवर्कला जोडतानाही यादृच्छिक पत्ता हाच डीफॉल्ट झाला. गर्दी ५ गिगाहर्ट्झवर सरकली; तिथलं जुन्या निळ्या डब्याला ऐकूच येत नाही, त्याचा रेडिओ २.४ गिगाहर्ट्झचा.