जुन्या घरातील ध्वनिमुद्रण कक्षाचे ध्वनिरोधन (सोलापूर)

जुन्या राहत्या घरातील एक खोली ध्वनिमुद्रणासाठी वापरताना बाहेरचा आवाज आत आणि आतला बाहेर जाऊ नये, यासाठी करायचे बांधकाम. सोलापुरात या कामाला वेगळे वळण मिळते ते दोन कारणांनी : दगड-मातीच्या जाड भिंतींवरचे माळवद (तुळयांवर मातीचा थर घातलेले सपाट छत), आणि साखर पेठ, भद्रावती पेठ अशा पूर्व भागातील वस्त्यांत घराला लागून चालणारे यंत्रमाग.

काळ्या दगडाची ४५ ते ६० सेंमी जाडीची भिंत चौरस मीटरला हजार किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरते. आवाज अडतो तो मुख्यतः भिंतीच्या वजनाने, आणि वजन दुप्पट केले तरी अडवणूक जेमतेम ५-६ डेसिबलने वाढते. म्हणून अशा भिंतीवर नुसते थर चढवणे म्हणजे पैशाची नासाडी. आवाज शिरतो तो भोकांतून. एकूण क्षेत्रफळाच्या १ टक्का जागा उघडी राहिली, तर बाकी भिंत कितीही भक्कम असली तरी २० डेसिबलपलीकडे अडवणूक जात नाही. कोनाडे (तिथे भिंत निम्मीच उरते), खुंट्यांची व वायरिंगची भोके आणि सर्वांत जास्त दुर्लक्षित जागा म्हणजे मधली भिंत जिथे माळवदाला मिळते तिथल्या तुळयांमधल्या फटी. रात्री शेजारच्या खोलीत बॅटरी लावून अंधारातून पाहिले की त्या दिसतात. कोनाडे विटांनी, फटी चुन्याच्या गिलाव्याने आणि शेवटची बारीक रेघ न वाळणाऱ्या अकौस्टिक सीलंटने (फटी बुजवणाऱ्या लवचिक लेपाने) भरावी. पुट्टी एका उन्हाळ्यात तडकते.

फोमचे तक्ते आणि अंड्यांचे ट्रे आवाज अडवत नाहीत. ते खोलीतला घुमारा कमी करतात, तोही वरच्या सुरांचाच. स्वस्त फोम पेटला तर विषारी धूर होतो, हे वेगळेच.

शांत गल्लीत भोके, दार, खिडकी आणि छत सुधारले की भागते. भिंतीपलीकडे माग असेल, तर मात्र खोलीत खोली बांधावी लागते, कारण मागातल्या शटलच्या (धोट्याच्या) ठोक्याचे हादरे फरशी व भिंतीतून येतात. त्यांना वजन थोपवत नाही, तुटकपणा थोपवतो, म्हणजे आतली खोली जुन्या बांधकामाला कुठेही घट्ट जोडलेली नसणे. १२×१० फुटांच्या, ९ फूट उंच खोलीत दगडी भिंतीपासून ५० मिमी सोडून ५० मिमी पत्र्याच्या चॅनेलची स्वतंत्र चौकट उभी करावी. चॅनेलमध्ये घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) भरावे आणि वर १२.५ मिमी जिप्सम बोर्डाचे दोन थर सांधे चुकवून लावावेत. आत साधारण ११×९ फूट, ८ फूट उंच जागा उरते आणि ६×४ फुटी ४० बोर्ड लागतात. २५ मिमी पट्ट्यांवर बोर्डाचा एकच थर ठोकण्याची सवय घातक आहे : बोर्ड आणि मागची हवा मिळून स्प्रिंगसारखी हलतात आणि सुमारे १२० हर्ट्झवर, म्हणजे पुरुषी आवाजाच्या व डग्ग्याच्या पट्ट्यात, अडवणूक उलट घटते. वरील मापाने अडवणूक घटण्याचा हा बिंदू ४५ हर्ट्झच्या आसपास उतरतो. मागची ५० मिमी पोकळी मोकळीच ठेवावी. मातीच्या भिंतीला दम टाकायला जागा लागते, नाहीतर ओल बोर्डात उतरते. वाळवीमुळे लाकडी चौकट टाळावी.

छताच्या बोर्डांचेच वजन १७० किलोच्या घरात जाते. ते जुन्या तुळयांना टांगू नये; त्या आधीच मातीचा भार पेलत असतात, आणि टांगल्यावर हादरेही थेट आत उतरतात. ५०×५० मिमी लोखंडी चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून ती नव्या जमिनीवर उभी करावी. माळवदातला झरोका आधी पक्का बंद करावा.

नवी जमीन अशी : जुन्या शहाबादी फरशीवर २५ मिमी दाट रॉकवूलचे पट्टे किंवा रबरी ठोकळे, वर १८ मिमी प्लायचे दोन थर, कडेला सर्वत्र १० मिमी मोकळी फट. रबर भाराखाली २ ते ३ मिमी दबले पाहिजे; न दबणारे कडक रबर हादरे जसेच्या तसे वर पोहोचवते. खांबांखाली भार एकवटतो, म्हणून तिथले ठोकळे वेगळ्या मापाचे घ्यावेत. एक विसरलेला स्क्रूसुद्धा जमीन व फरशी जोडून सगळी मेहनत वाया घालवू शकतो.

दारासाठी भिंतीची जाडी ही आयती देणगी. जुने दार बाहेरच्या बाजूला तसेच ठेवावे, आतल्या चौकटीत ३५ मिमी भरीव फ्लश डोअर बसवावे. मध्ये फूटभर हवा मिळते. दोन्हींना चौफेर गॅस्केट (फट बुजवणारी रबरी पट्टी), खाली दार लागताच उतरणारी पट्टी. खिडकी शक्य तर विटांनी भरावी. उजेड हवाच असेल तर ६ व १० मिमी लॅमिनेटेड काच, मध्ये किमान १०० मिमी अंतर.

मिरवणुकीतल्या डीजेचा ४०-६० हर्ट्झचा ठोका हे काम पूर्ण अडवत नाही. गणेश विसर्जनाला किंवा जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत मुद्रणाच्या तारखा ठेवू नयेत.

हवाबंद खोली सोलापूरच्या मे महिन्यात तासाभरातच असह्य होते, म्हणून हवेची सोय पहिल्याच आराखड्यात असावी : १५० मिमी डक्ट (हवा नेणारी नळी), आतून २५ मिमी आवाज शोषणारे अस्तर, काटकोनात दोन वळणे, हवेचा वेग सेकंदाला २ मीटरखाली. येणारी व जाणारी हवा वेगळ्या डक्टने न्यावी. एसीचा बाहेरचा भाग माळवदावर नव्हे, रबरावर आणि अंगणात ठेवावा. पाइपचे भोक रॉकवूलने भरून दोन्ही बाजूंनी सीलंटने बंद करावे.