हेडचे स्टड : जास्त आवळणे म्हणजे घट्ट बसणे नव्हे

डिझेल ट्रकच्या इंजिनाचे हेड (सिलिंडरांवरचे झाकण) बसवताना ‘आटे कोरडे ठेवा, तेल लावले की नट सैल होतो, आणि शेवटी पान्याला आणखी एक झटका द्या’ असा सल्ला वर्षानुवर्षे दिला जातो. तो चुकीचा आहे आणि त्यापायी चांगली इंजिने खराब होतात.

हेडला धरून ठेवतो तो स्टडमधला, म्हणजे ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या मुख्य सांगाड्यात) बसवलेल्या आटेदार दांड्यामधला ताण. नट आवळताना स्टड किंचित लांबतो आणि स्प्रिंगप्रमाणे हेड ब्लॉकवर दाबून धरतो. मात्र टॉर्क पान्यावर (आवळण्याचा जोर आकड्यात दाखवणाऱ्या पान्यावर) लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के जोर आट्यांमधल्या आणि नटाखालच्या घर्षणातच खर्च होतो. त्यामुळे कोरड्या किंवा गंजलेल्या आट्यांवर पान्याचा आकडा पूर्ण दिसला, तरी गॅस्केटवरचा (हेड आणि ब्लॉकमधली फट बंद करणाऱ्या चकतीवरचा) दाब अपुरा राहतो. उलट, आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असताना तेल लावले, तर स्टड मर्यादेबाहेर ताणला जाऊन कायमचा लांबतो. म्हणून वंगण कोणते आणि कुठे, हे त्या इंजिनाच्या मॅन्युअलप्रमाणेच ठरवावे.

ब्लॉकमधल्या बंद भोकात तेल किंवा पाणी साचू देऊ नये (हे फार वेळा विसरले जाते), कारण द्रव दाबला जात नाही आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळण्याचा क्रम सामान्यतः मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने असतो. जिथे शेवटचा टप्पा अंशांत दिलेला असेल, तिथे नटावर खूण करून तेवढाच कोन फिरवावा. वरचा झटका देऊ नये.