नऊपट्टी आर्माडिलो: एका नावाखालचे चार प्राणी

नऊपट्टी आर्माडिलो म्हणून ओळखला जाणारा, अंगावर हाडांचे कवच असलेला सस्तन प्राणी एक नसून चार स्वतंत्र प्रजाती आहेत, असा निष्कर्ष मांडणारा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर अर्जेंटिना आणि उरुग्वेपासून थेट अमेरिकेतील नेब्रास्का राज्यापर्यंत आढळणारा हा प्राणी अडीचशेहून अधिक वर्षे एकाच शास्त्रीय नावाने नोंदला जात होता. ते नाव इतका काळ कसे टिकले आणि आता ते कोणाकडे राहिले, हे कळण्यासाठी त्याच्या मुळाशी जावे लागते.

१७५८ मध्ये एका स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञाने आपल्या वर्गीकरणग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत आर्माडिलोंना ‘डॅसिपस’ या वंशात घातले आणि पाठीवरचे पट्टे मोजून प्रजातींची नावे ठरवली. तीन पट्ट्यांचा तो ‘ट्रायसिंक्टस’, सहांचा ‘सेक्ससिंक्टस’, सातांचा ‘सेप्टेमसिंक्टस’ आणि नवांचा ‘नोव्हेमसिंक्टस’. डॅसिपस हा मुळात सशासाठी वापरला जाणारा, ‘केसाळ पायांचा’ अशा अर्थाचा ग्रीक शब्द आहे. मेक्सिकोतील नावात्ल भाषेत आर्माडिलोला ‘कासव-ससा’ अशा अर्थाचे नाव होते, हे लक्षात घेतले की ग्रंथकर्त्याची निवड तितकीशी विचित्र वाटत नाही. त्या आवृत्तीत आर्माडिलो डुक्कर, जाहक (हेजहॉग) आणि चिचुंद्री यांच्या गणात बसवलेला होता. पुढच्या काळात तो तिथून हलला आणि अखेर स्लॉथ व मुंगीखाऊ यांच्यासोबत स्थिरावला. नोव्हेमसिंक्टस कुठे सापडतो याबद्दल मात्र मूळ नोंदीत ‘दक्षिण अमेरिका’ एवढाच मजकूर होता. नंतरच्या अभ्यासकांनी हे मूळ ठिकाण ईशान्य ब्राझीलमधील पेर्नाम्बुको असे निश्चित केले, आणि या एका निर्णयाला आज मोठे महत्त्व आले आहे.

पट्ट्यांच्या संख्येवर नाव बेतणे ही सुरुवातीपासूनच डळमळीत कसोटी होती. खांद्यावरची एक ढाल, कमरेवरची दुसरी ढाल आणि त्या दोहोंमध्ये कातडीच्या घड्यांनी जोडलेले हलते पट्टे, अशी या प्राण्याच्या कवचाची रचना असते. परंतु हे पट्टे सात ते अकरा यांपैकी कितीही असू शकतात आणि उत्तरेकडच्या प्राण्यांत बहुधा आठच भरतात. वजन साधारण अडीच ते साडेसहा किलो, तोंड निमुळते व लांब, कान उभे आणि एकमेकांना चिकटून, पुढच्या पायांना चार व मागच्या पायांना पाच बोटे, शेपटीवर हाडांच्या कड्या, आणि दात खुंट्यांसारखे, एनॅमल नसलेले. आपल्याकडे चित्र पाहून अनेकांना कोकणातल्या खवले मांजराची आठवण होते, आणि पूर्वीच्या वर्गीकरणातही या दोघांना ‘दंतहीन’ अशा एकाच गटात बसवले होते. तो गट पुढे मोडला. खवले मांजराचे खवले नखाच्या द्रव्याचे असतात, आर्माडिलोच्या कवचात खरी हाडे असतात, आणि वंशावळीने खवले मांजर मांसभक्षक प्राण्यांना अधिक जवळचे आहे. अंगाचे पूर्ण वेटोळे करून घेणेही नऊपट्टीला जमत नाही. ती कला तीनपट्टी आर्माडिलोंची.

एकोणिसाव्या शतकात हा प्राणी सर्वत्र सारखा नाही, हे काहींच्या लक्षात आले होते. १८६४ मध्ये एका जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने कोस्टा रिकातील नमुन्यांवरून ‘फेनेस्ट्रॅटस’ ही स्वतंत्र प्रजाती आणि मेक्सिकोतील नमुन्यांवरून ‘मेक्सिकानस’ हा नोव्हेमसिंक्टसचाच एक प्रकार वर्णिला. १९०५ मध्ये टेक्सासमधील ब्राउन्सव्हिलच्या नमुन्यावरून ‘टेक्सानस’ हे आणखी एक नाव आले. विसाव्या शतकात ही सगळी नावे उपप्रजातींच्या पातळीवर उतरवली गेली आणि नकाशावर दोन खंडांभर एकच रंग भरला गेला.

याच काळात या प्राण्याने उत्तरेत जो विस्तार केला, त्याची तुलना सस्तन प्राण्यांमध्ये फार थोड्यांशी करता येईल. रिओ ग्रान्दे नदीच्या उत्तरेला, टेक्सासमध्ये, त्याची पहिली नोंद १८४९ च्या सुमारास मिळते. त्यानंतर वर्षाला अंदाजे चार ते दहा किलोमीटर या वेगाने तो पूर्वेला आणि उत्तरेला सरकत गेला. १९२० च्या दशकात फ्लॉरिडात पाळीव अथवा प्राणिसंग्रहालयातून सुटलेल्या प्राण्यांपासून दुसरी वसाहत सुरू झाली आणि काही दशकांनी दोन्ही टोके एकमेकांना मिळाली. कुरणांत गुरे वाढली, वणवे थांबवले गेल्याने गवताळ जागी झुडपे माजली, मोठे शिकारी प्राणी घटले आणि माणसांनी हौसेने या प्राण्यांची ने-आण केली, अशी त्याची कारणे सांगितली जातात. नद्या त्याला अडवू शकल्या नाहीत, कारण तो पोटात हवा भरून तरंगतो किंवा श्वास रोखून नदीच्या तळावरून चालत जातो. त्याला अडवते ती थंडी आणि कोरडेपणा: जानेवारीचे सरासरी तापमान उणे दोन अंशांच्या खाली जाते किंवा वर्षाचा पाऊस ३८० मिलिमीटरपेक्षा कमी पडतो, तिथे तो टिकत नाही, असा अंदाज मांडला गेला होता. प्रत्यक्षात मिसूरी, इलिनॉय आणि इंडियानापर्यंत तो पोहोचला आहे.

टेक्सास राज्याने १९९५ मध्ये त्याला आपला राज्यप्राणी (लहान सस्तन प्राण्यांच्या वर्गात) ठरवले. एकाच फलित अंड्यातून चार एकसारखी पिल्ले जन्माला येतात, हे विसाव्या शतकाच्या आरंभी टेक्सासमधल्या प्राण्यांवरूनच सिद्ध झाले. कुष्ठरोगाच्या जंतूंचा या प्राण्यात संसर्ग घडवण्याचे प्रयोग १९७१ मध्ये यशस्वी झाले, तेही अमेरिकेतील प्राण्यांवर. ‘नोव्हेमसिंक्टस’ हे नाव जगाने ऐकले, ते प्रामुख्याने या उत्तरेकडच्या प्राण्यामुळे.

१९९९ मध्ये आनुवंशिक तपासणीतून दिसले की, अमेरिकेतील प्राणी आपसांत जवळजवळ एकसारखे आहेत, कारण ते मोजक्या पूर्वजांपासून वाढले. दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील फ्रेंच गयानातील प्राण्यांत मात्र अधिक वैविध्य होते आणि ते यांच्यापासून बरेच दूर होते. २०१७ मध्ये कवटीतील नाकालगतच्या पोकळ्यांचा अभ्यास झाला, तेव्हा त्या पोकळ्यांची ठेवण प्रदेशागणिक निराळी निघाली. २०२४ च्या अभ्यासाने संग्रहालयांतील जुन्या कातड्यांतून मिळवलेल्या डीएनएची भर घातली आणि चार प्रजाती मांडल्या: दक्षिण अमेरिकेच्या मोठ्या भागातील नोव्हेमसिंक्टस, मध्य अमेरिका व खंडाचा वायव्य कोपरा इथला फेनेस्ट्रॅटस, मेक्सिको व अमेरिकेतील मेक्सिकानस, आणि गयाना प्रदेशापुरता मर्यादित, पूर्वी कोणतेच नाव न मिळालेला गियानेन्सिस.

खरा गुंता इथे आहे. नामकरणाच्या नियमानुसार जुने नाव त्याच्या मूळ ठिकाणाला चिकटते, प्रसिद्धीला नाही. मूळ ठिकाण पेर्नाम्बुको ठरलेले असल्याने नोव्हेमसिंक्टस हे नाव ब्राझीलकडे राहिले आणि ज्या प्राण्याने ते गाजवले, त्याला मेक्सिकानस म्हणावे लागले. टेक्सानस हे नाव ४१ वर्षांनी धाकटे असल्यामुळे त्याचा दावा उभाच राहिला नाही. बाहेरून पाहून हे चार ओळखता येत नाहीत आणि ज्या भागांत आढळक्षेत्रे एकमेकांना भिडतात तिथे संकर होतो, म्हणून यांना उपप्रजातीच म्हणावे असा आक्षेप घेता येतो. माझ्या मते तो पुरेसा नाही. सीमेवर थोडा संकर होऊनही वंशशाखा लाखो वर्षे वेगळ्या राहू शकतात, आणि गयानातील प्राणी तर कवटी व डीएनए या दोन्ही कसोट्यांवर वेगळा उभा राहतो. एका प्रचंड आढळक्षेत्राच्या आधारे ‘चिंता नसलेला’ असा शिक्का मिळालेला प्राणी आता चार लहान आढळक्षेत्रांत विभागला गेला असताना त्या प्रत्येकाची स्थिती स्वतंत्रपणे तपासणे टाळता येणार नाही.

अमेरिकेतील प्राण्यांविषयी नोव्हेमसिंक्टस या नावाने छापलेले कुष्ठरोगावरचे आणि चौजुळ्या पिल्लांवरचे लेखन आता मेक्सिकानसचे म्हणून वाचावे लागेल. संग्रहालयांतील ज्या कातड्यांच्या चिठ्ठीवर गाव किंवा नदीचे नाव आहे, त्यांचे नाव ठिकाणावरून सुधारता येते. ज्या चिठ्ठ्यांवर १७५८ च्या नोंदीप्रमाणे नुसते ‘दक्षिण अमेरिका’ लिहिलेले आहे, त्यांची कवटी किंवा डीएनए तपासल्याशिवाय तो प्राणी कोणता हे सांगता येणार नाही.