फुटलेल्या नळीला पट्टी का टिकत नाही?

पावसाळा सरला की कोकणात अंगणातल्या जांभ्याच्या पायऱ्यांवर हिरवं, बुळबुळीत शेवाळ धरलेलं असतं. दिवाळीआधी ते काढायला मी प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याच्या जोरदार धारेने धुणारं मशीन, बाहेर आणला, धार सोडणारी गन दाबली आणि मशीनपासून वीतभर अंतरावर नळीतून केसासारखी बारीक धार उडाली. पुढे घरोघरी होतं तेच झालं. आधी चिकटटेप, मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली, त्यावर बाइंडिंग वायर. हा सगळा थाट अर्धं मिनिटसुद्धा टिकला नाही.

गच्चीवरच्या टाकीतून १० मीटर खाली नळाला पाणी येतं, तेव्हा त्याचा दाब साधारण १ बार असतो. कारच्या टायरमध्ये सव्वादोन बारच्या आसपास. घरगुती प्रेशर वॉशर १०० ते १५० बारवर चालतो. माझा १२०चा, म्हणजे १,२०० मीटर खोल पाण्यात जेवढा दाब असेल तेवढा त्या बोटभर नळीत. गॅरेजवाले याला ‘१२० किलो प्रेशर’ म्हणतात आणि त्यांची भाषा जास्त कामाची आहे, कारण त्यात हिशोबच दडलेला आहे: दर चौरस सेंटिमीटरला १२० किलो. दोन मिलिमीटरच्या भोकावर या दराने पावणेचार-चार किलोच जोर येतो. एवढा तर कुठलीही पट्टी सोसेल! पण पाणी भोकापाशी थांबत नाही, ते पट्टीखाली शिरतं. करंगळीच्या नखाएवढी जागा सुटली की पट्टीला खालून उचलणारा जोर १२० किलोंच्या घरात जातो, म्हणजे सिमेंटची दोन पोती आणि वर थोडं. जितकी सुटते तितका जोर वाढतो, आणि जोर वाढला की आणखी सुटते. सायकलच्या ट्यूबला बाहेरून लावलेलं ठिगळ टिकतं, कारण ट्यूब फुगली की वरचा टायर ते दाबून धरतो. इथे वरून दाबणारं कुणी नाही.

खरी गंमत नळी कापल्यावर दिसते. मी धारदार कटरने ती सरळ कापली. आत गुळगुळीत नळी, बाहेर काळं रबर आणि दोन्हींच्या मधे बारीक तारांची विणलेली जाळी. आतल्या नळीचं काम फक्त पाणी अडवायचं, बाहेरच्या रबराचं काम घासण्यापासून आणि गंजापासून जाळीला जपायचं. दाबाचा भार जवळजवळ सगळा जाळी उचलते. माझ्या नळीचं वरचं रबर फरशीवर ओढून ओढून कधीच गेलं होतं. उघड्या तारा गंजून तुटल्या, आणि पाठीशी कुणी नाही म्हटल्यावर आतली नळी तिथेच फुटली.

जाळीच्या विणीतही एक हिशोब आहे. पाणी भरलेल्या नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेने जेवढा ताण येतो, त्याच्या निम्माच लांबीच्या दिशेने येतो. म्हणून जाळी नसलेला साधा पाइप बहुधा उभा चिरत जातो. तारा अशा तिरक्या विणायच्या, की दोन्ही ताण त्यांनीच नेमके वाटून घ्यावेत. हा कोन नळीच्या लांबीपासून मोजला तर ५४.७ अंश येतो. त्याहून उभी वीण असेल, तर दाब आल्यावर नळी फुगून आखडते. त्याहून आडवी असेल, तर ती बारीक होत लांबते. गोल विणलेली पोकळ नाडी दोन टोकांना धरून ओढून-दाबून बघा, दोन्ही प्रकार हातात कळतात.

त्यामुळे दुरुस्ती म्हणजे भोक बुजवणं नव्हे, तर खराब तुकडा कापून टाकून उरलेली जाळी नव्या जोडाने घट्ट पकडणं. ६ मिलिमीटर पोकळीच्या नळीत १२० बार दाब असेल, तर जोडाला बाहेर ढकलणारा जोर ३५ किलोंजवळ जातो. सहावीतलं पोर जोडाला लोंबकळतंय असं समजा. द्राक्षाच्या किंवा आंब्याच्या बागेत फवारणीची नळी पितळी जॉइंटर आणि क्लिपवर वर्षानुवर्षं चालते, हे मला एका बागायतदाराने ठासून सांगितलं. खरंच चालते. पण तिथे ३० किलो प्रेशर असेल, तर साडेआठ मिलिमीटरच्या नळीतही जोडावर १७ किलोच येतात.

दुकानात जाण्याआधी एक गोष्ट मात्र बघा. पाणी जोडापाशी ठिबकत असेल, तर बहुतेक वेळा नळी ठीक असते आणि आतली ओ-रिंग, म्हणजे रबराचं बारीक गोल कडं, कापलेली असते. ती काही रुपयांत मिळते. तिथे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. पाणी अडवते ती रिंग, आटे फक्त दोन तुकडे आवळून धरतात.

नळीच फुटली असेल, तर जेसीबीचे हायड्रॉलिक होज बनवून देणारा गाठा. तो टोकावर लोखंडी टोपी बसवून यंत्रात चहूबाजूंनी आवळतो, याला क्रिम्पिंग म्हणतात. मशीनबरोबर आलेली नळी पातळ प्लास्टिकची असेल, तर तो ‘यावर पकड बसणार नाही’ म्हणेल. मग पाव इंची, एका तारजाळीची नवी नळी घ्यावी. जुनी टोकं बरोबर न्या. एम-२२, म्हणजे २२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांच्या जोडात आतली पिन १४ मिलिमीटरची असते किंवा १५ची. आटे दोन्हीकडे बसतात, पण पिन चुकली तर जोड गळतो किंवा बसतच नाही.

गळती शोधायला मशीन चालू असताना नळीवरून हात कधीही फिरवू नका. १२० बारला बारीक भोकातून पाणी ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटू शकतं आणि कातडीत सुईसारखं घुसतं. वर टाचणीएवढी खूण दिसते, आत बोटभर नुकसान झालेलं असतं. असं झालं तर दुखत नसलं तरी त्याच तासाला दवाखाना गाठायचा. मशीन बंद केल्यावरही नळीत दाब कोंडलेला राहतो. आधी स्विच बंद, मग नळ बंद, मग गन दाबून तो सोडून द्यायचा आणि नंतरच जोड उघडायचा.

माझी नळी तारजाळीची असल्यामुळे तिच्यावर क्रिम्पिंग झालं. घरी येऊन लांब काठीला पुठ्ठा बांधला, मशीन सुरू केलं आणि पुठ्ठा नव्या जोडाभोवती फिरवला. दोन मिनिटांनी तो कोरडाच होता. नळी हातभर तोकडी झाली आहे. शेवटच्या दोन पायऱ्या खराट्याने घासल्या.