मागून दोर की पुढून छत्री: वादळातल्या होडीचा जुना वाद

मुंबईत पावसाळ्याच्या तोंडावर शिडाच्या होड्या पाण्याबाहेर काढतात. त्यामुळे वादळात होडी आवरायला पाण्यात ओढत ठेवायचं साधन म्हणून सी अँकर घ्यावा की ड्रोग, हा प्रश्न पडतो तो गोवा, कोची, लक्षद्वीप असा लांबचा पल्ला धरणाऱ्यांनाच. सल्ले भरपूर मिळतात. पण ते बहुतेक दुसऱ्याच समुद्रांत तयार झालेले आहेत.

सी अँकर नाळेवरून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावरून सोडतात. पाण्यात फुगलेली ती कापडी छत्री होडीचं तोंड वाऱ्याकडे धरून ठेवते. ड्रोग, म्हणजे ओढ देणारा दोर किंवा कापडी शंकू, मागून सोडायचा. होडी वाऱ्याबरोबर पळते, पण आवरलेल्या वेगानं. कॅप्टन जॉन व्हॉस १९०१ मध्ये झाडाच्या खोडातून कोरलेल्या 'टिलिकम'मधून कॅनडाहून निघाले. ते सी अँकरचे कट्टर पुरस्कर्ते. पुढे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी १९६८-६९ मध्ये एकट्यानं, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती 'सुहैली'मधून. ही ३२ फुटी सागवानी होडी आपल्या मुंबईत बांधलेली. दक्षिण महासागरात ते मागे जाड दोर सोडत. त्याच दशकात फ्रान्सच्या बर्नार मोआतेसिए यांनी मात्र दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी असलेल्या केप हॉर्नच्या वाटेवर असले दोर कापून टाकले. होडी मोकळी असली तर लाट तिरकी घेता येते, असं त्यांचं म्हणणं. दोघेही सुखरूप पोचले, त्यामुळे वाद मिटला नाही.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंडहून आयर्लंडजवळच्या खडकाला वळसा घालणाऱ्या फास्टनेट शर्यतीत ३०३ होड्या वादळात सापडल्या आणि १५ स्पर्धकांचा जीव गेला. अमेरिकेतले विमान अभियंते डोनाल्ड जॉर्डन यांनी त्यानंतर हा विषय अनुभवाच्या गोष्टींमधून काढून प्रयोगाकडे नेला. होड्यांची छोटी प्रारूपं फुटत्या लाटांत सोडून त्यांनी पाहिलं. आधुनिक होडी नाळेवरून सी अँकरला बांधली की डावी-उजवीकडे झोके खाते, मागे घसरते, सुकाणूवर ताण येतो. एकच मोठा ड्रोग दोर सैल पडला की ऐन वेळी ओढ सोडतो. म्हणून त्यांनी लांब दोरावर शंभराच्या वर छोटे कापडी शंकू ओवले आणि टोकाला वजन लावलं: काही शंकू कायम पाण्यात धरून असतात. अमेरिकी तटरक्षक दलाचा त्यावरचा अहवाल १९८७ मध्ये आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत भक्कम काम हेच.

तरी ओढ प्रचंड असते. डिसेंबर २०१८ मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करायच्या गोल्डन ग्लोब शर्यतीत सुझी गुडॉल यांच्या अशाच ड्रोगचा दोर तुटला आणि होडी नाळेवरून उलटली. शंकू मोजत बसण्यापेक्षा दोर, त्याची घासण आणि होडीवरचे बांधायचे कडे आधी तपासावेत.

हे सगळं मोकळ्या महासागरातलं. कोकणासमोर नैऋत्येचा वारा होडीला थेट किनाऱ्याकडे ढकलतो. शंकूंचा ड्रोग लावूनही ती ताशी दीड-दोन सागरी मैल सरकते. म्हणजे अलिबागसमोर २० मैलांवर असलेली होडी रात्रभरात खडकांवर. किनारा एवढा जवळ असताना सी अँकर जास्त वेळ देतो, आणि वेळेत बंदर गाठणं त्याहून जास्त.