इंग्लंड-वेल्समध्ये खासगी पार्किंगची नोटीस आली तर रजिस्टर्ड कीपरने काय करावं

सुपरमार्केट, रिटेल पार्क किंवा हॉस्पिटलच्या आवारातल्या कॅमेऱ्याने गाडीचा नंबर टिपला की पार्किंग कंपनी डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला) अडीच पौंड भरून रजिस्टर्ड कीपरचं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर नोंदलेली आहे त्याचं, नाव-पत्ता मिळवते आणि पैसे मागणारी नोटीस पाठवते. इथे नव्याने आलेले आपले बरेच लोक घाबरून त्याच दिवशी पैसे भरून टाकतात, नाहीतर पत्र तसंच ड्रॉवरमध्ये पडू देतात. कृपा करून दोन्ही करू नका.

हा सरकारी दंड नाही आणि यामुळे लायसन्सवर पॉइंट लागत नाहीत. पण मागणी पोकळ असते असंही नाही. चेम्सफर्डच्या एका रिटेल पार्कमध्ये दोन तासांच्या मोफत वेळेपेक्षा ५६ मिनिटं जास्त थांबलेल्या गाडीवरचे ८५ पौंड सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये वैध ठरवले. कौन्सिल किंवा पोलिसांची नोटीस असेल तर तिचे नियम वेगळे. पत्र कोणाचं आहे ते आधी पाहा.

पैसे देण्याची पहिली जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची. ती कीपरवर येते ‘प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्ट २०१२’च्या परिशिष्ट ४ मुळे, आणि तीही कंपनीने त्यातल्या अटी पाळल्या तरच. हे परिशिष्ट स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडला लागू नाही. स्वतःचे उपनियम असलेल्या विमानतळ-रेल्वेच्या जागाही सहसा त्यातून वगळलेल्या असतात.

सर्वांत महत्त्वाची अट मुदतीची. काचेवर तिकीट लावलं नसेल, तर गाडी उभी होती त्याच्या दुसऱ्या दिवसापासून १४ दिवसांत नोटीस कीपरला पोचली पाहिजे. टपालाने पाठवलेलं पत्र टपालात टाकल्यानंतरच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवशी पोचलं असं धरतात. समजा, गाडी सोमवारी ३ मार्चला उभी होती, म्हणजे शेवटचा दिवस १७ मार्च. पत्र शुक्रवारी १४ तारखेला टपालात पडलं, तर ते मंगळवारी १८ तारखेला पोचलं असं धरलं जाईल, म्हणजे एक दिवस उशीर. अशा वेळी कंपनीला या कायद्याने कीपरकडून पैसे मागता येत नाहीत. चालकाकडे मात्र मागता येतात. पत्र कधी पाठवलं ते तपासता यावं म्हणून त्याचं पाकीट फेकू नका. काचेवर तिकीट लावलं असेल, तर कीपरची नोटीस २८ दिवसांनंतर, पण ५६ दिवसांच्या आत यावी लागते.

उत्तर देताना नीट जपून लिहायचं असतं. ‘मी दुकानात गेलो होतो’ असं एक वाक्य लिहिलंत की गाडी तुम्हीच चालवत होतात हे तुम्ही स्वतःच सांगून बसता. चालक कोण होता हे सांगण्याची सक्ती इथे कीपरवर नाही. ‘मी या गाडीचा रजिस्टर्ड कीपर आहे, ही मागणी मला मान्य नाही, कारण...’ एवढंच लिहा, आणि खोटं काही लिहू नका. चालकाचं नाव आणि सध्याचा पत्ता कळवणं हाही सरळ मार्ग आहे. दावा दाखल होण्याआधी कळवलंत तर कीपरची जबाबदारी संपते. चूक खरोखर आपलीच असेल आणि नोटीसही वेळेत आली असेल, तर १४ दिवसांतली सवलत घेऊन पैसे भरणं शहाणपणाचं. पण एकदा पैसे भरले की अपील संपतं.

सोबत जोडायला नोटिशीच्या दोन्ही बाजूंची प्रत, पाटीचे फोटो, खरेदीची किंवा पार्किंग ॲपची पावती, ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) असेल तर त्याची प्रत. गाडी आधीच विकली असेल तर डीव्हीएलएचं पत्र, चोरीला गेली असेल तर पोलिसांचा गुन्हा क्रमांक.

कंपनीने अपील फेटाळलं तर पुढची पायरी नकाराच्या पत्रातच दिलेली असते: ब्रिटिश पार्किंग असोसिएशनच्या सदस्य कंपनीसाठी पोप्ला ही अपील सेवा, इंटरनॅशनल पार्किंग कम्युनिटीच्या सदस्यासाठी इंडिपेंडंट अपील्स सर्व्हिस. पोप्लाकडे अपील मोफत असतं, आणि निकाल कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही.

वसुली एजन्सीची पत्रं म्हणजे कोर्टाचे आदेश नव्हेत. ‘लेटर ऑफ क्लेम’ला, म्हणजे कोर्टात दावा करण्याआधीच्या पत्राला, मात्र ३० दिवसांत उत्तर द्या. कोर्टाचा क्लेम फॉर्म आला तर तो बजावल्यापासून १४ दिवसांत पोच द्या, म्हणजे बचाव मांडायला एकूण २८ दिवस मिळतात. गप्प राहिलात तर एकतर्फी निकाल लागतो. महिन्याभरात पूर्ण पैसे भरले नाहीत तर तो सहा वर्षं तुमच्या क्रेडिटच्या नोंदीत राहतो आणि मॉर्गेज घेताना आडवा येतो. असे निकाल बऱ्याचदा जुन्या पत्त्यावर जातात, म्हणून घर बदललं की लॉगबुकवरचा (गाडीच्या नोंदणीपत्रावरचा) पत्ता लगेच बदला. त्याला फी नाही. निकाल लागून गेल्यावर कळलं, तर तो रद्द करण्यासाठी एन-२४४ फॉर्म असतो, पण त्याला फी पडते आणि तो विनाविलंब भरावा लागतो.