चरबीचं जनुक आणि स्तनाचा कर्करोग

‘स्निग्ध पदार्थ खाल्ले की स्तनाचा कर्करोग होतो, त्यातून चरबी न पचवणारं जनुक असेल तर नक्कीच’, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. अमेरिकेत सुमारे 49 हजार रजोनिवृत्त स्त्रियांवर चाचणी झाली. काहींनी आठ वर्षं आहारातली चरबी कमी केली. 2006 साली निकाल आला: स्तनाच्या कर्करोगाच्या प्रमाणात फरक थोडासाच, ठामपणे सांगता येईल असा नाहीच.

मग चरबीचा संबंध कुठे येतो? ताटात नव्हे, अंगावर. पाळी थांबल्यावर अंडाशय इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक जवळजवळ बनवत नाही. ते काम चरबीच्या पेशी करतात: त्यांतलं अरोमाटेज हे विकर पुरुषी संप्रेरकांचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. जास्त इस्ट्रोजेन स्तनाच्या कर्करोगाला खतपाणी घालू शकतं, म्हणून त्या वयात वाढलेलं वजन धोका वाढवतं. तरुणपणी हे गणित असं चालत नाही, आणि ही गोष्ट फार कमी जणींना सांगितली जाते.

चरबीच्या चयापचयातले जनुकीय फरक असतात, पण एकेकट्याचा परिणाम झाला तरी किंचितच. खरा मोठा धोका असतो तो बीआरसीए 1 आणि 2 या जनुकांमधल्या बिघाडाचा, आणि त्यांचं मुख्य काम डीएनएची दुरुस्ती. जनुकीय तपासणीच्या अहवालात ‘चरबीचं जनुक’ दिसलं म्हणून कृपया घाबरून जेवण सोडू नका. गाठ जाणवली तर मात्र त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.